जळगाव ते पुणे, सव्वा तास

हिंमतराव सरांनी विमानाचं तिकीट काढलं ही बातमी खामगावातल्या त्यांच्या गल्लीत तिकीट निघायच्या आधीच पसरली होती. कारण ते काढायला दोन संध्याकाळी लागल्या, आणि दोन्ही संध्याकाळी सर ओट्यावर बसून मोबाईलशी मोठ्यानं बोलत होते. मोबाईल एकामागून एक प्रश्न विचारत होता. जेवण शाकाहारी हवं का. पाय पसरायला जास्त जागा हवी का. विमा हवा का. विम्याचा प्रश्न आला तेव्हा सरांनी मोबाईल पालथा ठेवला, आत जाऊन पाणी पिऊन आले आणि मग धीर करून ‘नको’ वर बोट ठेवलं.

विमान कशाला, हे कुणी विचारलं नाही. ते सगळ्यांना माहीत होतं. सरांची एकुलती एक लेक पूनम पुण्यात बाळंत झाली त्याला महिना होत आला होता, आणि तिची आई अजून तिच्यापर्यंत पोचली नव्हती. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ठरलेलं. पण पुण्याच्या डॉक्टरांनी पूनमला प्रवास बंद केला आणि त्याच आठवड्यात कौशल्याबाईंनी गव्हाची कोठी एकटीनं सरकवली, तेव्हा कोठी जागेवर राहिली आणि मणका सरकला. मग खामगावच्या डॉक्टरांनी त्यांनाही प्रवास बंद केला. जावई गजेंद्र गुणाचा, पण त्याची आई तो कॉलेजात असतानाच गेलेली. घरात मोठं बाईमाणूस नाही. तो मोबाईलवर व्हिडिओ लावून बाळीला आंघोळ घालायचा, एक हात बाळीखाली आणि दुसरा व्हिडिओ थांबवायला. पूनम रोज फोनवर सांगायची, “सगळं मस्त चाललंय गं, तू नको काळजी करू.” फोन झाला की कौशल्याबाई स्वयंपाकघरात जाऊन लावलेलीच भांडी पुन्हा लावायच्या. तो आवाज सरांना बाहेर ऐकू यायचा, आणि पेपरची एकच ओळ ते चार-चारदा वाचायचे.

शेवटी डॉक्टरांकडून सरांनी एवढी सूट मिळवली की गाडीत गादी टाकून, निजून, दोन-तीन तास चालतील. पुण्याचे बारा तास चालणार नाहीत.

इथं सरांचा भूगोल जागा झाला. बत्तीस वर्षं हायस्कुलात त्यांनी तो शिकवला होता, आणि भूगोलानं त्यांना व्यक्तिशः काही परत करायची ही पहिलीच वेळ होती. त्यांनी भिंतीवरचा नकाशा उतरवून ओट्यावर पसरला. जवळचा विमानतळ अकोल्याचा, पण तिथून पुण्याला जायला विमान सोडून बाकी सगळं मिळतं. अमरावती आणि नागपूर उलट्या दिशेला. संभाजीनगरला पोचेपर्यंत मणक्याचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असणार. राहिलं जळगाव.

“म्हणजे खाली जायचं तं आधी वर जायचं,” शेजारचे जानराव नकाशावर वाकून म्हणाले.

जानराव एसटीत वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी ते अंतर किलोमीटरमध्ये मोजत नसत, थांब्यांमध्ये मोजत. सर मोजत सरळ रेषेत. दोघांची मैत्री याच वादावर टिकून होती.

“हवाई अंतर पाहा, जानराव.” सरांनी पट्टी ठेवली. “जळगाव ते पुणे, सव्वातीनशे किलोमीटरच्या आतबाहेर. सव्वा तास.”

“सव्वा तासात आपली गाडी मलकापूरच्या स्टँडात शिरत नाही.”

“तेच तर सांगून राह्यलो. वर थांबेच नाहीत.”

“थांबा नाही तो कायचा प्रवास,” जानराव म्हणाले. “माणूस खाली उतरते, च्या घेते, पाय मोकये करते. तुमचं विमान म्हणजे कुरिअर झालं.”

त्यानंतर गल्ली सल्ल्यांना लागली. कानात कापूस घाला. लिंबू जवळ असू द्या. खिडकीजवळ बाईमाणसाला बसवू नका, काच उघडी राहिली तर. विमानात कधीच न बसलेल्या माणसांजवळ विमानाबद्दल जेवढी माहिती असते, तेवढी वैमानिकाजवळ नसावी. सर सगळं ऐकून घेत आणि शेवटी म्हणत, “सव्वा तासाचा तर प्रश्न आहे.” हे वाक्य त्यांनी त्या आठवड्यात इतक्यांदा म्हटलं की गल्लीतून ते जाऊ लागले की कुणीतरी ओट्यावरून विचारी, “काय सर, किती तासाचा प्रश्न?”

ते विमान रोज जात नसे. सरांना मिळालेला वार शनिवार, आणि तो शनिवार अमावस्येचा निघाला. हे जानरावांच्या पत्नीनं, अन्नपूर्णाबाईंनी, कॅलेंडर न पाहता सांगितलं.

“अवसेले निघता, सर? लेकरू महिन्याचं आहे, बाप्पा.”

सरांनी अमावस्या म्हणजे काय ते समजावून सांगितलं. सूर्य कुठं असतो, चंद्र कुठं येतो, आणि यात कुणाचं वाकडं होण्यासारखं काही नाही, हे हातात दोन पेरू घेऊन दाखवलं. अन्नपूर्णाबाईंनी ते पेरू पाहिले. कौशल्याबाई काहीच बोलल्या नाहीत. त्या काही बोलल्या नाहीत म्हणजे सूर्य-चंद्रांनी जरा बाजूला व्हावं, हे सरांना लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी कळलेलं होतं.

यावर तोडगा होता, आणि तो जुनाच होता. प्रस्थान ठेवायचं. शुक्रवारी चांगली वेळ पाहून आपल्या सामानातली एक वस्तू घराबाहेर काढायची आणि शेजाऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. प्रवास तेव्हाच सुरू झाला असं धरलं जातं. माणसं मग दुसऱ्या दिवशी सवडीनं निघतात, जाताना वस्तू उचलतात, आणि अमावस्येला कुणी निघालंच नाही असा हिशेब लागतो. सरांना ही कल्पना एकदम आवडली. विमान कंपन्या सामान आधी ताब्यात घेतात, त्याचंच हे घरगुती रूप.

“चादर ठेवतो एक,” ते म्हणाले.

“चादर तं कोनीबी ठेवते,” अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. “ज्याच्याबिगर जाताच येत नाही, असं ठेवा काही. नाहीतं देवाले समजते.”

सर विचारात पडले. शिक्षकाला असा प्रश्न घातला की तो अर्धवट उत्तर देत नाही. ज्याच्याशिवाय विमानानं जाताच येत नाही असं काय? उत्तर सुचलं तेव्हा त्यांना स्वतःचं कौतुक वाटलं. त्यांनी आपली तपकिरी हातबॅग घेतली आणि तिच्यात दोघांची आधार कार्डं घातली. मग पॅन कार्डं, मतदानाची कार्डं, सरांचं पेन्शनरांचं ओळखपत्र. सरकारनं आजवर दोघांना जी जी ओळख दिली होती ती सगळी त्या बॅगेत गेली, आणि शुक्रवारी दुपारी ती बॅग जानरावांच्या देवघरात हळदकुंकू लावून स्थानापन्न झाली.

शनिवारी उजाडता उजाडता गाडी आली. मागचं सीट काढून गादी टाकली होती. कौशल्याबाई तिच्यावर आडव्या झाल्या आणि गल्ली निरोप द्यायला जमली. जानराव आणि अन्नपूर्णाबाई आपलं घर बंद करून गाडीपाशीच येऊन उभे राहिले होते. अन्नपूर्णाबाईंनी ओटी भरली, डिंकाच्या लाडवांचा डबा दिला, आणि दोघी थोडा वेळ एकमेकींचा हात धरून राहिल्या. जानरावांनी ड्रायव्हरला रस्ता सांगितला, जो एकच होता. ज्यांच्या घरी जाऊन बॅग उचलायची तेच असे गाडीपाशी आल्यामुळे त्यांच्या घरी जायचं राहिलं. सरांना वाटलं, बॅग कौशल्यानं घेतली. कौशल्याबाई निजलेल्या होत्या, त्यांना गाडीचं छतच तेवढं दिसत होतं.

जळगावच्या विमानतळाच्या दारात बंदूकवाल्या जवानानं हात पुढे केला. गाडीवाला दुसरं भाडं घेऊन केव्हाच गेला होता.

“आयडी दिखाइए.”

सरांनी वरचा खिसा पाहिला. मग पिशव्या पाहिल्या. मग त्यांनी अशा जागी पाहायला सुरुवात केली जिथं बॅग मावणं शक्य नव्हतं, आणि डिंकाच्या लाडवांचा डबा उघडताना त्यांचा हात थांबला.

“अवं,” ते म्हणाले, “प्रस्थान.”

कौशल्याबाईंनी पिशवीच्या बंदाला गाठ मारली. त्या रागावल्या असत्या तर सरांना सोपं गेलं असतं.

“मी हिंमतराव,” सर जवानाला म्हणाले. “हायस्कूलचा भूगोलाचा शिक्षक. खामगावात कुणालाही विचारा.”

“खामगाव में नहीं, अंकल. इधर दिखाना है.”

मोबाईलमध्येही आधार दाखवता येतं, असं मागच्या एका माणसानं सुचवलं. त्यासाठी एक आकडा यायला हवा होता. सरांचा आकडा त्यांनी चार वर्षांपूर्वी फेकून दिलेल्या सिमवर गेला. कौशल्याबाईंचा पूनमच्या फोनवर जाणार होता, कारण कॉलेजात असताना तिनंच आईचं सगळं करून दिलं होतं.

“लावू तिले फोन?” सर म्हणाले. “तुझं तर होऊन जाईल. तू हो पुढं.”

“ते झोपली असंन. रात्रभर पोरीनं जागवलं म्हने काल.”

“दोन मिनिटांचं काम आहे.”

“नाही उठवायचं तिले,” कौशल्याबाई म्हणाल्या. “अन् मी एकली जाऊन काय करू? तुमाले खिचडीबी लावता येत नाही.”

सरांनी जानरावांना फोन लावला. जानरावांनी आधी सगळं ऐकलं, मग आधार कार्डांचे फोटो पाठवले. त्या फोटोंत आधारापेक्षा जानरावांचा अंगठा जास्त आला होता. जवानानं अंगठा पाहून मान हलवली. ओरिजिनल पाहिजे.

“निघालो,” जानराव फोनवर म्हणाले. “दोन तासात जयगाव.”

दोन तासांत ते पोचणार नव्हते, आणि पोचले असते तरी विमान तोवर पुण्यात उतरून परतीच्या तयारीला लागलं असतं. त्यापुढचं विमान मधले तीन दिवस सोडून. सरांनी सव्वा तासाचं तिकीट आणि तीन दिवसांचं जळगाव यांची मनात तुलना केली. कौशल्याबाई बाहेरच्या बाकावर आडव्या झाल्या होत्या. त्यांनी डोळे मिटले होते, पण झोपलेल्या माणसाची मूठ अशी आवळलेली नसते.

तेवढ्यात आतून निळ्या गणवेशातली एक मुलगी बाहेर आली. छातीवर ‘मनाली’ अशी पाटी होती. तिनं जमलेल्या लोकांना अगदी पाठ केलेल्या दिलगिरीनं सांगितलं की येणारं विमान पुण्याहून अजून निघालेलं नाही, त्यामुळे दीड तास उशीर होईल. एक सुटकेसवाला व्यापारी भडकला. आणखी दोघांनी आवाज चढवला.

“फार छान,” हिंमतराव सर म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे वळले.

“टोमणा नाही मारून राह्यलो,” सरांनी खुलासा केला. “ताई, हा उशीर अजून थोडा वाढू शकेल का?”

मनालीला रागावलेल्या प्रवाशांशी कसं बोलायचं याचं शिक्षण दिलेलं होतं. हे त्या शिक्षणात नव्हतं. तिनं विचारपूस केली. सरांनी प्रस्थानापासून सगळं सांगितलं, पेरूसकट. ऐकता ऐकता तिचं लक्ष बाकावर गेलं.

“माझी आजीपन प्रस्थान ठेवायची,” ती हळूच म्हणाली. “पन ती सुपारी ठेवायची, काका.”

थोड्या वेळानं ती आतून एक उशी आणि चहाचा कप घेऊन आली, आणि जवानाला काहीतरी सांगून दोघांना पंख्याखालच्या बाकावर हलवलं.

इकडे जानरावांचे फोन सुरू झाले होते. आयुष्यभर ज्यानं स्टँडावर बसून दुसऱ्यांच्या गाड्या सोडल्या, तो माणूस आज प्रथमच इतक्या लांब स्वतः चालवत निघाला होता. त्यांची मारुती अमडापूरच्या शेताच्या पुढं कधी गेलेली नव्हती. पण सवय मोडत नाही, तसे ते प्रत्येक स्टँडाशी गाडी थांबवत आणि फोन करत.

“नांदुरा सोडलं.”

“जानराव, थांबू नका हो.”

“थांबा आहे, तं थांबा लागते.”

मग मलकापूर. मलकापूरला दहा मिनिटं, कारण कंट्रोलर ओळखीचा निघाला. मग मुक्ताईनगर. त्याच्या पुढं बराच वेळ फोन आला नाही, आणि आला तेव्हा अन्नपूर्णाबाईंचा आला. त्याही बरोबर होत्या. “हे चाकाची हवा पाहून राह्यले,” त्या म्हणाल्या, “तुमी विमानाले धरून ठेवा.”

विमान धरून ठेवायचं म्हणजे काय करायचं, हे सरांना माहीत नव्हतं. जन्मभर त्यांनी ग्रह-नक्षत्रांची भीती विद्यार्थ्यांच्या मनातून काढली होती. आता ते विमानतळाच्या बाहेर उभे राहून, ज्या कुणाच्या हातात पुण्याकडची हवा असेल त्याला, विमान तिथंच अडकवून ठेव असं विनवत होते. मनाली दुसऱ्यांदा बाहेर आली तेव्हा तिनं गर्दीत आधी सरांकडेच पाहिलं. आणखी एक तास, असं तिनं जाहीर केलं, आणि जाहीर करताना तिला हसू आवरावं लागलं. सरांनी व्यापाऱ्याच्या पाठीवर हात ठेवला.

“तुमचं काय आहे पुण्यात?” सरांनी विचारलं.

“मीटिंग.”

“आमची नात आहे.”

व्यापाऱ्यानं सुटकेस बाकाला टेकवली आणि बाकावरच्या बाईंकडे पाहत म्हणाला, “कुठपर्यंत आले तुमचे ते?”

त्यानंतर वरणगाव, भुसावळ ही नावं फोनवरून आली की त्या दारात उभ्या असलेल्या सगळ्यांना कळू लागली. भुसावळच्या पुढं मनालीनं येऊन सांगितलं की विमान तिकडून निघालं. यावर पहिल्यांदाच कुणाला आनंद झाला नाही.

खाली दोन माणसं आणि वर एक विमान, अशी तिन्ही एकाच गावाकडे येत होती. सर मनात दोन्ही वेग मांडून पाहत होते. भूगोलात हे गणित सरळ रेषेत सुटतं. जळगावच्या चौकात ते सुटत नव्हतं, कारण जानराव आता स्टँड शोधत होते.

विमान उतरल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ फाटकातून मारुती आली. जानराव उतरले आणि त्यांनी बॅग दोन्ही हातांत धरून, कपाळाला लावून मगच पुढं केली. तिच्यावरचं हळदकुंकू जसंच्या तसं होतं. जवानानं आधार पाहिलं, मग सरांना पाहिलं, आणि कुठला चेहरा जास्त दमलेला आहे याचा विचार करून त्यांना आत सोडलं.

बॅग मात्र जड झाली होती. प्रस्थानाची पिशवी रिकामी परत देत नाहीत, म्हणून अन्नपूर्णाबाईंनी तिच्यात तांदूळ, गूळ, बाळीचं शिवलेलं झबलं आणि एक नारळ घातला होता. नारळ विमानात चालत नाही, असं मशीनजवळच्या बाईंनी सांगितलं. सर परत दारापर्यंत आले.

“फोडा मंग इथंच,” अन्नपूर्णाबाई बाहेरून म्हणाल्या. “देवाले जयगावबी चालते.”

जानरावांनी तो कठड्यावर फोडला. एक तुकडा जवानाला मिळाला. तो ड्यूटीवर होता, म्हणून त्यानं खिशात ठेवला. सर आत वळताना जानरावांनी त्यांना हाक मारली. काही बोलायचं होतं, पण एवढ्या वर्षांत दोघं एकमेकांशी वादाखेरीज दुसरं फारसं बोललेच नव्हते.

“वहिनींले खिडकी द्या,” जानराव म्हणाले. “काच बंद असते म्हने.”

विमानानं धाव घेतली तेव्हा कौशल्याबाईंनी सरांचा हात धरला. चार माणसांत त्यांनी असा हात याआधी लग्नातच धरला होता, आणि तेव्हाही गुरुजींनी सांगितलं म्हणून. सरांनी तो सोडवून घेतला नाही. खाली अजिंठ्याचे डोंगर सुरकुतल्यासारखे दिसू लागले, मग शेतं, मग उन्हात चमकणारी एक लांब वळणदार रेघ.

“हे काय आहे?”

“गोदावरी.”

कौशल्याबाईंनी लगेच कमरेची पिशवी उघडून नाणं काढलं आणि काचेला कुठं फट आहे का ते चाचपलं. नदी ओलांडताना नाणं टाकायचं असतं. सरांनी सगळी काच दोनदा हातानं तपासली, खरोखर शोधतोय अशी. नंतर त्या नाणं डोळ्यांना लावून परत ठेवत म्हणाल्या, “येताना रस्त्यानं येऊ.”

सव्वा तास झाला न झाला तोच पुणं आलं. सरांची रेघ खरी ठरली होती, पण ते सांगायला जवळ कुणी नव्हतं, आणि त्यांना ते सुचलंही नाही. विमानतळापासून पूनमच्या घरापर्यंतच्या टॅक्सीला मात्र सव्वा तासाहून बराच जास्त वेळ लागला. ड्रायव्हर म्हणाला, आज ट्रॅफिक कमी आहे.

दार गजेंद्रनं उघडलं. त्याच्या खांद्यावर बाळी होती आणि दुसऱ्या खांद्यावर लंगोट. तो वाकायला गेला, पण बाळीमुळे अर्ध्यावरच थांबला. कौशल्याबाईंनी मोरीत जाऊन हातपाय धुतले, पदराला पुसले. गजेंद्रनं नात पुढं केली. त्यांनी नातीच्या टाळूवर हात ठेवला, क्षणभर, आणि तिला तशीच त्याच्याजवळ ठेवून त्या आतल्या खोलीकडे गेल्या.

पूनम पलंगावर बसली होती. केस विंचरलेले नव्हते.

“काऊन आली वं तू एवढ्या लांबून?” ती म्हणाली. “मी सांगतलं होतं ना, सगळं बरं आहे.”

“जेवली का तू?”

“हो.”

कौशल्याबाई तिच्याकडे पाहत उभ्या राहिल्या.

“नाही,” पूनम म्हणाली, आणि मग तिचं तोंड लहानपणीसारखं वाकडं झालं.

दार थोडं लोटलं गेलं. बाहेर गजेंद्रला काय करावं कळेना. त्यानं बाळी सरांच्या हातात दिली, कारण डाळ गरम करायला ठेवायची होती, आणि तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभा राहिला. सर अवघडून बसले. बाळीनं एक डोळा उघडून त्यांना पाहिलं आणि परत मिटला. आतून नाक शिंकरल्याचा, मग तेलाची बाटली उघडल्याचा आवाज आला. “हळू ना वं माय,” पूनम म्हणत होती.

“फार हाल झाले ना बाबा?” गजेंद्रनं विचारलं. “लांब पडतं खामगाव.”

सर या प्रश्नाचं उत्तर एरवी नकाशा उघडून देत. त्यांनी बाळीची मान नीट कोपरावर घेतली.

“नाही हो,” ते म्हणाले. “जवळच आहे.”

गजेंद्रला पहाटेपासून त्यांचे फोन येत होते, आणि आता बाहेर दिवे लागले होते. त्यानं घड्याळाकडे पाहिलं. गुणाचा जावई होता.

“हो ना,” तो म्हणाला, आणि डाळ पाहायला आत गेला.